कूळ, भाटकार आणि ताई

अँगेला मेर्केल यांनी डिसेंबर 2021मध्ये जर्मनीचे चॅन्सेलरपद सोडले, तेव्हा त्यांच्या 16 वर्षांवर आपल्याकडेही भरभरून लिहिले गेले. पण मराठीसाठी हयातभर भांडलेली एक बाई शेजारच्या पणजीत पावणेसहा वर्षे सरकार चालवून गेली, हे आपल्या स्मरणात नाही. महाराष्ट्राला तर आजवर एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही.

शशिकला काकोडकर, गोव्याच्या ताई. ऑगस्ट 1973मध्ये वडील आणि मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले. विलीनीकरण, जनमत कौल, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगोप) राजकारण हे वाचकांना ठाऊक आहेच. मला ताईंकडे नेले ते कुळकायद्याने. मी जुईनगरला राहतो. सिडकोने या पट्ट्यातल्या जमिनी घेतल्या, तेव्हा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला. अनेक कुळांची नावे तिथे चढली, ती 1 एप्रिल 1957च्या कृषकदिनामुळे. त्या दिवशी कसणारा मालक ठरला. गोव्यात तो दिवस कधी उगवला, हे शोधताना 1976ची पाचवी दुरुस्ती हाती लागली.

मूळ कायदा 1964चा, भाऊसाहेबांचा. त्याने कुळाला संरक्षण दिले, मालकी दिली नाही. लेकीच्या सरकारने त्यात 18-अ हे कलम घातले : 20 एप्रिल 1976 रोजी प्रत्येक कुळाने आपली जमीन भाटकाराकडून, म्हणजे जमीनमालकाकडून, विकत घेतली असे मानले जाईल, किंमत मामलतदार ठरवेल. अर्ज नाही, भाटकाराची मर्जी नाही. त्याआधीच्या 1975च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्याला बेदखलीपासून वाचवले आणि घर व भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. खेड्यात 300 चौरस मीटर, नगरपालिका हद्दीत 200. आणीबाणीच्या काळात भूसुधारणांना दिल्लीचीही अनुकूलता होती, हे खरे. तरी शेतात कलम उतरवायला पणजीतच हिंमत लागली.

मेर्केल 1999मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून आपले राजकीय गुरू हेल्मुट कोल यांच्यापासून जाहीरपणे दूर झाल्या. ताईंनी वडिलांशी कधी फारकत घेतली नाही. तरीही जमिनीच्या बाबतीत त्या वडिलांच्या पुढे गेल्या, आणि त्यांना निव्वळ वारसदार म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच सुटते.

त्यांची चूकही याच कामाशेजारी दिसते. शेत कसणाऱ्याला दिले, पण समुद्रात ट्रॉलर घुसले तेव्हा रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांची, बाजू सरकारने वेळेत घेतली नाही. पाठोपाठ विद्यार्थी बसभाड्याच्या सवलतीसाठी रस्त्यावर उतरले. एप्रिल 1979मध्ये स्वपक्षाचेच आमदार फुटले, सरकार पडले आणि राष्ट्रपती राजवट आली. पुढचे पक्षांतर, वेगळा पक्ष, घरवापसी यांत फारसे सांगण्यासारखे नाही. मात्र 1990मध्ये शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान मराठी-कोकणी माध्यमांपुरते राखले, आणि 2011मध्ये ते इंग्रजीला मिळाल्यावर वयाच्या पंचाहत्तरीनंतर त्या पुन्हा आंदोलनात उतरल्या. 28 ऑक्टोबर 2016 रोजी त्यांचे निधन झाले.

कायद्याने मालक ठरलेली अनेक कुळे अजून किंमत ठरवून घेण्यासाठी आणि सनदेसाठी खेटे घालताहेत. ताईंची जयंती साजरी करणाऱ्या पक्षांनी आधी ही प्रकरणे निकालात काढावीत. त्यांचे स्मारक तेच ठरेल.