विमान-उद्योग : पुरवठासाखळी व शासकीय धोरण

विमानाचा सांगाडा, एंजिन, उपकरणे व असंख्य सुटे भाग निरनिराळ्या देशांतील कारखान्यांत तयार होऊन जुळणीसाठी मुख्य उत्पादकाकडे येतात. या जाळ्यात स्वदेशी उद्योगांना स्थान मिळावे म्हणून शासन ज्या अटी, सवलती व गुंतवणुकी योजते, त्यांचा येथे विचार केला आहे. परवान्याखाली देशाच्या गरजेपुरती विमाने बांधणे आणि परदेशी उत्पादकाचा नियमित पुरवठादार होणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. महाराष्ट्रात हा भेद ठळकपणे दिसतो.

सोव्हिएट रशियाशी १९६२ मध्ये झालेल्या करारानुसार मिग-२१ विमानांसाठी ओझर (जि. नासिक) येथे १९६४ मध्ये कारखाना स्थापन झाला. सांगाडे ओझरला, एंजिने कोरापुटला व इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी विभागणी होती. पुढे ओझरला मिग-२७ व सुखोई-३० एमकेआय ही विमानेही बांधण्यात आली. या कारखान्याने कुशल कारागीर घडविले. तथापि आराखडे परवानादाराचे व ग्राहक भारतीय वायुसेना, त्यामुळे परदेशी बाजारपेठेशी त्याचा संबंध अल्पच राहिला.

दुसरे साधन म्हणजे ‘ऑफसेट’, अर्थात प्रतिखरेदीची अट. २००५ च्या संरक्षण खरेदी कार्यपद्धतीने ३०० कोटी रुपयांवरील खरेदीत परदेशी विक्रेत्यावर किमतीच्या ३० टक्के रक्कम भारतीय उद्योगात खर्च करण्याचे बंधन घातले. २०१६ मध्ये ही मर्यादा २,००० कोटींवर नेण्यात आली. त्याच वर्षीच्या ३६ राफेल विमानांच्या करारात हे प्रमाण ५० टक्के होते. नागपूरच्या मिहान प्रकल्पात २०१७ मध्ये पायाभरणी झालेला, फाल्कन विमानांचे भाग बनविणारा कारखाना या करारातून उभा राहिला. फाल्कन २००० ची संपूर्ण जुळणी तेथे करण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. नागरी विमानांच्या खरेदीत अशा अटी घालण्यास १९७९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने मनाई केली आहे; परंतु भारताने त्यावर सही केलेली नाही. एअर इंडियाच्या ६८ बोइंग विमानांच्या मागणीबरोबर नागपूरला विमानदुरुस्तीचे केंद्र आले, ते याच पार्श्वभूमीवर.

आपला भारतीय भागीदार विक्रेता स्वतःच निवडतो, हे या साधनाचे वैगुण्य होय. साहजिकच कामे मोठ्या उद्योगसमूहांकडे जातात. लघुउद्योगांना दिलेले काम दीडपट मोजण्याची सवलत २०१२ मध्ये देण्यात आली. पण खरा अडसर निराळा आहे. वसई तालुक्यातील औद्योगिक वसाहतींत आढळतात तशा लहान यंत्रशाळांना धातूचा भाग हव्या त्या मापात कातता येतो. विमानासाठी मात्र एएस ९१०० ही गुणवत्ता-प्रमाणपद्धती, उष्णता-संस्करण व मुलामा यांसाठी स्वतंत्र मान्यता आणि धातूच्या प्रत्येक तुकड्याचा मूळ गिरणीपर्यंतचा लेखी माग लागतो. पहिली मागणी येण्यापूर्वीच हा खर्च करावा लागतो व तो लहान मालकाला झेपत नाही. करसवलतीचा येथे उपयोग नाही, कारण नफाच अद्याप व्हावयाचा असतो.

मेक्सिकोतील केरेतारो राज्याने कारखान्यांबरोबरच २००७ मध्ये विमानविद्येचे विद्यापीठ काढले, ते या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरले. भारतात सामायिक परीक्षणशाळांसाठी ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देणारी ४०० कोटी रुपयांची योजना २०२० मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने अवकाश व संरक्षण उत्पादनाचे स्वतंत्र धोरण २०१८ मध्ये स्वीकारले. त्यात नागपूर, पुणे, नासिक इ. औद्योगिक केंद्रांवर भर आहे.