मुगाचं बी राखताना उकिरड्याच्या झाडाला भुलू नका

पोळ्याच्या आगेमागे फुलंब्रीच्या शिवारात मुगाच्या शेंगा वाळू लागतात आणि नेमकी तेव्हाच पावसाची झड लागते. उघडीप मिळाली नाही की शेंगेतच मोड येतात. त्यात बी मिसळीचं असलं तर एक झाड तोडणीला आलेलं, शेजारचं अजून फुलात. तीन-तीन तोडण्या आणि दरवेळी मजुरांची शोधाशोध! 2025-26 ला क्विंटलमागं 8,768 रुपये हमीभाव जाहीर झाला, पण डागी मालाला तो कोण देणार?

शेतकरी बंधूंनो, घरचं बी ठेवताना आपण काय करतो? शेंगांनी लगडलेलं झाड दिसलं की तेच बियाण्याला धरतो. पण ते उभं कुठं होतं बघा. उन्हाळ्यात उकिरडा होता तिथं, नाहीतर बांधाच्या कडेला मोकळ्यावर. तो जोर खताचा, रक्ताचा नव्हे. त्याचं बी हलक्या रानात पेरा, इतरांसारखंच निघेल. म्हणून पैदासकारही एका झाडाच्या उत्पन्नावर भुलत नाहीत. शेंगा, शेंगेतले दाणे, दाण्याचं वजन वेगवेगळं मोजतात आणि प्रत्येक झाडाचं बी स्वतंत्र ओळीत पेरून लेकरांवरून आईची पारख करतात.

मूग स्वपरागी पीक आहे. फूल उमलायच्या आधीच आतलं काम उरकलेलं असतं. त्यामुळं वाण टिकतो, पण नवं वेगळेपणही सहजी येत नाही. ते आणावं लागतं. एवढीशी कळी चिमट्यानं उघडून संकर करायचा (त्यातलीही बरीच फुलं गळतात), नाहीतर उत्परिवर्तन घडवायचं. आपल्या जवळच, जालना रस्त्यावरच्या बदनापूर संशोधन केंद्राचा 1992 चा बीएम-4 हा टी-44 वाणातल्या उत्परिवर्तनातूनच निघाला. साठ-पासष्ट दिवसांत हाती येतो. पुढं तिथूनच बीएम 2002-1 आणि बीएम 2003-2 आले. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेले टार्म वाण भुरीला तोंड देणारे आहेत.

आता तुमच्या रानाचं. बीएम-4 चं शुद्ध बी असेल तर त्यात 'चांगलं झाड' शोधून फायदा नाही, सगळी एकाच रक्ताची. तिथं उलटं करा. वेगळी दिसणारी आणि केवडा पडलेली झाडं उपटून टाका. गावरान मिसळ असेल तर मात्र निवडीला वाव आहे. शेताच्या मधली, सारख्या जमिनीतली पन्नासेक झाडं धरा. शेंगा पानांच्या वर आलेली आणि एकदम पिकणारी. प्रत्येकाचं बी वेगळ्या पुडीत ठेवा, पुढच्या मृगात एकेक ओळ पेरा. जी ओळ सगळीच्या सगळी उजवी निघेल, ती वाढवा.

आणि म्हातारीच्या गाडग्यात राखेत ठेवलेला जुना मूग असेल तर तो सगळा वरणात घालू नका. पैदासकाराचं भांडवल तेच. पश्चिम घाटातला रानमूगसुद्धा ते जपून ठेवतात. 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्यानं गावरान वाण शेतकऱ्याच्या नावावर नोंदवता येतो. कृषी खात्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनी अशा घरांची यादी केली, तर मूठ-मूठ बी बदनापूरला किंवा अकोल्याच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या केंद्रात पोचवता येईल. पुडीवर गाव, शेतकऱ्याचं नाव आणि किती पिढ्या पेरतात एवढं लिहायला विसरू नका.