पहिल्या वर्षाचा चढाईपटू आणि राहून गेलेली चाचणी

भंडारा जिल्ह्यात रोवणी आटोपली की महाविद्यालयांच्या मैदानांवर कबड्डीची तयारी दिसू लागते. बारावीपर्यंत गावच्या मंडळाकडून खेळलेला, नुकताच पहिल्या वर्षाला दाखल झालेला एखादा मुलगा निवड चाचणीत असा काही चमकतो की, त्याला राखीव खेळाडूंत बसवणे क्रीडाशिक्षकांच्या जिवावर येते. गेल्या वर्षीचा मुख्य चढाईपटू पदवी घेऊन गेलेला असतो आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर असतात. मग हा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा थेट पहिल्या सातांत येतो. समोर बावीस-तेवीस वर्षांचे, अंगाने भरलेले खेळाडू असतात. घरी आनंद होतो, मित्र खांद्यावर घेतात. उद्यापासून सरावात कुणापेक्षाही कमी पडायचे नाही, असे तो मनाशी ठरवतो. डॉक्टरांना काळजी वाटावी ती नेमकी या निश्चयाची.

कारण भंडारा जिल्हा सिकलसेलच्या पट्ट्यात येतो. नागपूर, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीसह पूर्व विदर्भात हा आनुवंशिक दोष आदिवासी आणि इतर अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले, तर मूल सिकलसेलचे रुग्ण होते. त्याचा त्रास बहुतेकदा लहानपणीच दिसू लागतो आणि घरच्यांना तो ठाऊक असतो. एकाकडूनच मिळाले, तर ते मूल वाहक. वाहकाला औषध लागत नाही, तो शेतात राबतो, खेळतो, सर्वसामान्य आयुष्य जगतो. उलट लहानपणीच्या गंभीर मलेरियापासून या एका जनुकामुळे संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. हा दोष मलेरियाच्या मुलखांत टिकून राहिला तो त्यामुळेच. त्रास नाही म्हणून वाहकाला आपण वाहक असल्याचा पत्ताही नसतो.

अंगातली सगळी ताकद लावून, न थांबता केलेला व्यायाम मात्र या नियमाला अपवाद ठरू शकतो. धावणाऱ्याच्या मांडीच्या स्नायूत त्या वेळी चार गोष्टी एकदम घडतात. प्राणवायू कमी पडतो, आम्ल साचते, तापमान चढते आणि तांबड्या पेशींतले पाणी कमी होते. वाहकाच्या काही पेशी अशा वेळी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्त न मिळालेला स्नायू मरू लागतो. त्यातले पोटॅशियम रक्तात उतरून हृदयाची लय बिघडवते, आणि स्नायूंतील प्रथिने मूत्रपिंडांत तुंबतात. असे क्वचितच घडते, पण घडते तेव्हा हाताशी वेळ फार थोडा असतो.

अमेरिकेने हा धडा महाविद्यालयीन फुटबॉलच्या मैदानावर घेतला. तिथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, धडकाधडकीचा खेळ. टेक्सासमधील राइस विद्यापीठाच्या संघात डेल लॉइड हा १९ वर्षांचा, पहिल्या वर्षाचा खेळाडू होता. २४ सप्टेंबर २००६ रोजी सरावात संघाला १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या, १६ धावा काढायला लावल्या गेल्या. लॉइड कोसळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मृत्यू झाला. तो सिकलसेलचा वाहक होता, हे त्यानंतर उघड झाले. त्याच्या आईवडिलांनी न्यायालयात धाव घेतली. अखेर २०१० पासून तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने सर्वोच्च श्रेणीच्या संघांतील नव्या खेळाडूंसाठी सिकलसेल चाचणीचा नियम केला. तेव्हा चाचणी नको असेल तर तसे लेखी द्यावे लागे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या श्रेणीतील फुटबॉलपटूंपैकी वाहकांना व्यायामादरम्यान मृत्यूचा धोका इतरांच्या ३७ पट आढळला होता.

यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे मृत्यू बहुतेक करून प्रत्यक्ष सामन्यात झालेले नाहीत, ते सरावातल्या धावांत झाले. कबड्डीलाही हे लागू पडते. चढाई फार तर ३० सेकंदांची, आणि दोन चढायांच्या मध्ये दम घ्यायला वेळ मिळतो. खेळाच्या रचनेतच विश्रांती आहे. ती विश्रांती काढून घेतली जाते सरावात. उशिरा आला म्हणून मैदानाच्या दहा फेऱ्या, सामना हरला म्हणून सगळ्यांना बेडूकउड्या, भादव्यातल्या दमट उन्हात पाणी न देता लावलेली शर्यत. व्यायाम शिक्षा म्हणून देण्याची ही जुनी खोड कोणाच्याच शरीराला मानवत नाही, वाहकाच्या तर मुळीच नाही. शिवाय संघात नुकतीच जागा मिळवलेला मुलगा ‘सर, थांबतो’ म्हणणार नाही. जुना खेळाडू म्हणेल. त्याची जागा पक्की असते.

मग सगळ्यांची चाचणी सक्तीची करावी काय? यावर शास्त्रज्ञांतही वाद आहे. अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये या सक्तीला विरोध केला. वाहक म्हणून शिक्का बसलेल्या मुलांना संघाबाहेर ठेवले जाईल, त्यापेक्षा सरावाची पद्धत सर्वांसाठीच सुधारा, असे तिचे म्हणणे. २०१६ मध्ये अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासाने त्या म्हणण्याला बळ दिले. पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला सराव यांचे नियम तिथे सर्वांना लागू होते, आणि वाहकांमधील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. स्नायू मोडण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता.

भंडाऱ्यापुरते पाहिले तर दोन्ही गोष्टी हव्यात. चाचणीसाठी इथे वेगळा खर्च करावा लागत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे आणि महाविद्यालयीन मुले-मुली त्यात येतात. आरोग्य केंद्रात आधी विद्राव्यता चाचणी होते. तिच्यात दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने वाहक की रुग्ण हे ठरते. अनेकांची तपासणी शाळेत असतानाच झालेली असते. कागद घरातल्या पेटीत पडून असतो. तो शोधून त्याची प्रत क्रीडाशिक्षकांकडे द्यावी. ती त्यांच्याकडेच राहावी, सूचनाफलकावर नव्हे. वाहक मुलीच्या लग्नात अडचण येईल या धास्तीने घरचे अहवाल दडवतात, आणि ही धास्ती निराधार नाही. खरे तर दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मूल रुग्ण होत नाही.

वाहक निघाला म्हणून कुणाला संघातून काढणे हा निव्वळ अन्याय ठरेल. रायन क्लार्क हा वाहक अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षे खेळला. २००७ मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवरील डेन्व्हरमध्ये खेळल्यानंतर तो गंभीर आजारी पडला. त्याची प्लीहा आणि पित्ताशय काढावे लागले. तो पुन्हा मैदानात उतरला आणि २००९ मध्ये विजेत्या संघात होता. २०१२ मध्ये डेन्व्हरमध्येच महत्त्वाचा सामना आला, तेव्हा प्रशिक्षक माइक टॉमलिन यांनी त्याला बाहेर बसवले. तो सामना संघ हरला.

मैदानावरच्या माणसाला लक्षणे ओळखता आली पाहिजेत. साध्या पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो, मुलगा पाय धरून ओरडतो. सिकलसेलच्या त्रासात स्नायू वरवर नेहमीसारखाच लागतो, पण पायांतली ताकद जाते आणि मुलगा गपकन खाली बसतो. सुरुवातीला तो नीट बोलतही असतो, त्यामुळे नाटक करतोय असे वाटू शकते. उन्हाचा झटका बहुधा बऱ्याच वेळाच्या श्रमानंतर येतो, हा त्रास पहिल्या काही मिनिटांतही होऊ शकतो. अशा मुलाला ‘उठ, एवढी फेरी पूर्ण कर’ म्हणू नये. सावलीत आणावे, अंग गार करावे, सोय असेल तर प्राणवायू द्यावा आणि लगेच रुग्णालयात न्यावे. तो वाहक असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगावे. पुढच्या दिवसांत लघवी चहासारखी काळपट झाली तरी पुन्हा दाखवावे.

नव्या खेळाडूचा सराव पहिले तीन-चार आठवडे हळूहळूच वाढवावा. दोन धावांच्या मध्ये त्याला त्याच्या गतीने दम घेऊ द्यावा, ताप किंवा जुलाब असताना मैदानात उतरवू नये आणि पाण्याची घागर मैदानाच्या कडेलाच ठेवावी. पहिल्या सातांत त्याची निवड जाहीर करताना क्रीडाशिक्षकांनी सर्वांसमोर आणखी एक वाक्य बोलावे: दम लागला आणि थांबलास, तरी तुझी जागा जाणार नाही.