माळ्यावरच्या सामानाचा भाव

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, कुठेही एखादी जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली की तिथले माळे भराभर रिकामे होतात. भाड्याच्या तात्पुरत्या जागेत काय काय नेणार? मग वर्षानुवर्षं हात न लागलेलं सामान खाली उतरतं. तांब्याचा बंब, घंगाळं, हंडे-कळशा, पानाचा डबा, शिसवी कपाट, काचेत बसवलेली लक्ष्मी. त्याच सुमारास मला फोन येतो, "जरा किंमत काढून द्याल का?"

किंमत कशासाठी हवी आहे, हे मी आधी विचारतो. पुष्कळांना या प्रश्नाचं नवल वाटतं. पण विम्यासाठी तशीच वस्तू आज बाजारातून आणायला किती लागतील ते पाहायचं असतं, आणि विकायची असेल तर व्यापारी हातात किती ठेवेल ते. या दोन आकड्यांत निम्म्याचा फरक सहज पडतो. कराचं आणखी वेगळं. घरातली भांडी, फर्निचर विकलं तर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं विकली तर येतो. वस्तू वडिलोपार्जित असेल तर 1 एप्रिल 2001 या दिवशीची तिची बाजारातली किंमत धरता येते, आणि ती शोधायला मला त्या काळातल्या लिलावांचे जुने कॅटलॉग उघडावे लागतात. सर्वांत अवघड काम वाटणीचं. तिथे आकडा थोडा कमीजास्त झाला तरी भावंडांच्या मनात राहतो.

घाटकोपरच्या एका घरात असंच वाटणीचं काम होतं. दोन भाऊ इथले, बहीण न्यू जर्सीत, फोनवर व्हिडिओ लावून बसलेली. खिडकीजवळ पांढरी चादर अंथरली. वजनकाटा, भिंग, लोहचुंबक आणि टेप एवढ्यावर माझं बरंचसं काम भागतं. प्रत्येक वस्तूला क्रमांक, फोटो, माप, वजन, आणि पोचा-चीर-डाग यांची नोंद. पितळेचं म्हणून ठेवलेल्या एका दिवट्याला चुंबक चिकटलं. वर पितळेचा मुलामा, आत लोखंड.

हंडा मी नेहमी उलटा करून बघतो. जुना, हातानं घडवलेला असेल तर ठोके एकसारखे नसतात, आणि पत्रे जोडलेत तिथे दातेरी सांधा दिसतो. काठाखाली टिंबाटिंबांनी घातलेलं नाव, गाव, कधी शके. त्या घरातल्या एका कळशीवर शके 1846 होतं, म्हणजे इसवी सन 1924, आजीच्या लग्नाचं वर्ष. भावंडांना हे ठाऊक नव्हतं. मोडीच्या व्यापाऱ्याला त्या अक्षरांचं काही नसतं. तो काट्यावर टाकतो, कल्हई-मातीची घट धरतो आणि किलोचा भाव सांगतो. बंबाचं तसं नाही. तोटी, मधली नळी, जाळी सगळं जागेवर असेल तर तो अख्खा विकला जातो, हॉटेलं आणि सजावटीवाले शोधत येतात. तोटी हरवली की तोच बंब मोडीच्या भावाकडे घसरतो. म्हणून मी जीव तोडून सांगतो, सुटे भाग फेकू नका. आणि मी येण्याआधी चिंच लावून काही घासू नका. तांब्या-पितळेवर चढलेली काळसर छटा वय सांगते. ती गेली की वस्तूचं वय ठरवण्याची एक खूण जाते आणि घेणाराही हात आखडता घेतो.

पानाच्या डब्यात रुपये निघाले. राणीछाप रुपया बरोबर तोळ्याचा, 11.66 ग्रॅम, त्यात जवळजवळ 92 टक्के चांदी. पण 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच राहिली आणि 1947 मध्ये ती पूर्ण जाऊन निकेल आलं. त्यामुळे चांदीचे रुपये म्हणून सगळे एकत्र तोलणं म्हणजे कुणावर तरी अन्याय. त्यांत 1911 चा एक होता. त्या वर्षीच्या नाण्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेऊन बरीचशी वितळवली. वाचलेल्यांना संग्राहक जास्त पैसे देतात. राम-सीता असलेलं, 1818 सालचं, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव घातलेलं नाणंही होतंच. ते बहुतेक घरांत असतं आणि त्याचे लाखो मिळतात अशी समजूत असते. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलं नाही. हे सांगताना समोरच्याचा चेहरा पडतो, पण सांगावं लागतंच.

काचेत बसवलेल्या छापील लक्ष्मीपाशी मी बराच वेळ थांबलो. राजा रविवर्मांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, काही काळ याच घाटकोपरात होता, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे तो फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. 2023 मध्ये रविवर्मांचं यशोदा-कृष्णाचं तैलचित्र मुंबईच्या लिलावात 38 कोटींना गेलं, तेव्हापासून भिंतीवरच्या प्रत्येक छापील लक्ष्मीकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. तैलचित्र एकच असतं, छापील प्रती हजारोंनी निघाल्या. भिंगाखाली पाहिलं तर जुन्या शिळाछापाचे ठिपके वेडेवाकडे, दगडाच्या रव्यासारखे दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ते ओळीत, फुलासारख्या गुच्छांत बसतात. इथे ठिपके वेडेवाकडे होते, खाली कार्ला-लोणावळा हा छापखान्याचा पत्ता होता आणि साडीवर कुणीतरी हातानं टिकल्या शिवल्या होत्या. ओलावा लागून एक कोपरा गेला होता. किंमत काही हजारांतच, पण चित्र अस्सल. त्याची चौकट मी बदलू दिली नाही.

देवघरातली अन्नपूर्णा बहिणीला न्यायची होती. इथे 1972 चा पुरावस्तू कायदा येतो. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, घरातल्या माणसालाही नाही. हस्तलिखित पोथीला ही मर्यादा 75 वर्षांची. मूर्तीवर शके नव्हता, नुसत्या घडणीवरून मी वय छातीठोक सांगणार नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळाला तरच ती विमानात जाईल, हे मी लिहून दिलं.

टाक मात्र यादीत नको, असं तिघांनीही एकमुखानं सांगितलं. चांदी होती, तोलली असती तर आकडाही आला असता. मी ते चादरीवरून उचलून देवघरात परत ठेवले. उरलेल्या सामानाचे सारख्या किमतीचे तीन वाटे केले, शके 1846 ची कळशी मधल्या वाट्यात आली. थोरल्या भावानं वहीचं पान फाडून चिठ्ठ्या केल्या आणि पहिली चिठ्ठी फोनवरच्या बहिणीच्या नावानं उचलली.