धुरा कुणाचा?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या भागात शेताच्या बांधाला 'धुरा' म्हणतात. परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी पारावर घटकाभर बसावे, धुऱ्यावरून अबोला धरलेली दोन-चार घरे कुणीही सांगेल. त्यांपैकी एक घर आमचे. बाबा आणि माझे चुलते दोन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर नांगराच्या दोन तासांएवढी जागा!

शेवटी गेल्या उन्हाळ्यात मोजणी मागवली. मोजणीदारांनी गटाच्या चारी बाजू दाखवल्या आणि विचारले, "पोटहिस्से पडलेत का?" कुणालाच उत्तर देता येईना. आजोबांच्या पश्चात वाटणी तोंडीच झाली होती. खूण म्हणून तीन दगड पुरले होते, त्यांतला एक आता दिसत नव्हता. मोजणीदार म्हणाले, "मग मधली रेघ मी कशावरून दाखवू?" आमच्या घरात सातबारा वाचता येणारा मी पहिलाच. त्या प्रश्नाचा शोध घेताना जे समजले, ते येथे मांडतो.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये हक्क, बारामध्ये पिके. आमच्या उताऱ्यावर १ हेक्टर ६० आर, म्हणजे सुमारे चार एकर जमीन आहे. जमीन कुणाची आणि किती, हे उतारा सांगतो. तिची हद्द नेमकी कुठून जाते, हे सांगत नाही. ते काम नकाशाचे. उतारा तलाठ्याकडे, नकाशा भूमि अभिलेख कार्यालयात आणि खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे, अशी ही तीन दारे आहेत. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्ताची नोंद होते. त्यासाठी कुणी शेतावर जाऊन हद्द मोजत नाही. खतात चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस तमक्याचे. पण त्या दोघांत रेघ कुठे, हे त्यावरून कळत नाही.

हा नकाशा आला कुठून? मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी भूमापन पद्धत सुरू केली. पुढे निजामाच्या राज्यातही, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, त्याच धर्तीवर मोजणी झाली. शंकू आणि साखळी ही तिची साधने. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा! असे ४० गुंठे म्हणजे एकर. शेतावर घेतलेली मापे टिपणात लिहीत आणि त्यांवरून नकाशा काढीत.

त्यानंतर १९४७ च्या कायद्याने राज्यात ठिकठिकाणी जमिनींचे एकत्रीकरण होऊन गट पडले. कित्येक ठिकाणी कागद बदलला, वहिवाट मात्र जुनीच राहिली. त्यामुळे एकाच्या नावची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याच्या नावची पहिला, असेही घडले. असे ताबे आपसात बदलून घेता यावेत म्हणून शासनाने २०२३ मध्ये 'सलोखा योजना' आणली. तीत मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार रुपये, एवढाच खर्च ठेवला.

आता संगणकाविषयी. भूमि अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. आपल्या राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. बाबांची तहसीलला होणारी खेप वाचली, हे खरेच. पण कागदावरचा नकाशा संगणकात घातला म्हणून तो अचूक होत नाही. एक इंचास ६६० फूट या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर सुमारे तेरा फूट रुंद होते. आमचे सारे भांडण त्या एका रेघेच्या आत मावते! म्हणून नकाशा मोठा करून पाहण्यापेक्षा टिपणातली मापे महत्त्वाची.

नव्या मोजणीत रोव्हर नावाचे यंत्र वापरतात. ते उपग्रहांचे संकेत घेते. कायमच्या ठिकाणी उभारलेली काही केंद्रेही तेच संकेत अखंड घेत असतात. केंद्राची जागा आधीच पक्की ठाऊक असल्याने संकेतातली चूक कळते, ती दुरुस्त होते आणि काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा मिळते. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती फुगते. तीत पुरलेला दगड कलतो, सरकतो. यंत्राने नोंदलेला बिंदू सरकत नाही.

मात्र यंत्र फक्त उभ्या जागेचा पत्ता सांगते. आजोबांनी दगड कुठे पुरला होता, हे त्याला कसे कळावे? जालना-नांदेड द्रुतगती महामार्ग आपल्या जिल्ह्यातून आखला आहे. असे काम आले की कुणाची किती जमीन जाते आणि मोबदला कुणाला, हे नोंदीवरून ठरते. पोटहिस्से पडलेले नसतील, तर गट एक, नावे पाच आणि भांडणे दहा, अशी गत होते. नोंदीच अपुऱ्या असतील, तर कितीही वेगवान यंत्र त्या पुऱ्या करणार नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटणीसाठी अर्ज करता येतो. कलम १४० प्रमाणे हद्दीच्या खुणा सांभाळणे ही जमीनधारकाचीच जबाबदारी आहे. हे दोन्ही मी घरी वाचून दाखवले. बाबा काही बोलले नाहीत. पण चार दिवसांनी त्यांनी मलाच चुलत्यांकडे पाठवले. अर्ज मी लिहिला. चुलत्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मग सही केली.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कागद वाचणारे आपणच पहिले आहोत. या सुट्टीत गावी गेल्यावर सातबारा आणि गटाचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून पाहा, आणि वडील माणसांना विचारा: आपला दगड कुठे आहे? तो दाखवणारी माणसे आज घरात आहेत.