मॅटीची उलटी बाजू

कोणी हौसेनं क्रॉस स्टिचचा रुमाल दाखवायला आणला, की माझा हात आधी तो उलटा करतो. त्यात उणं काढायचं मनात नसतं. पुढच्या बाजूला नक्षी दिसते. हात कसा चालला ते मागे दिसतं. दोरा कुठं संपला, कुठून कुठं उडी मारली, कुठं गाठ बसली, कुठं उसवून पुन्हा भरलं, सगळं तिथं उमटलेलं असतं. नव्यानं शिकणाऱ्यांना पुढची बाजू सजवायची घाई असते. मी म्हणते, पहिले चार दिवस मागची बाजूच बघत शिकावं.

टाका म्हणाल तर सोपा. चौकोनाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुई वर काढायची, वरच्या उजव्या कोपऱ्यात घालायची. मग खालच्या उजव्यातून वर, वरच्या डाव्यात खाली. झाली फुली. म्हणून हा फुलीचा टाका. कापडावर काही छापायचं नाही, गिरवायचं नाही. चौकटीच्या कागदावरचा नमुना समोर ठेवायचा आणि कापडाचे चौकोन मोजत जायचं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला ही मोजणी नवी वाटत नाही.

चौकोन कापडाच्या विणीतच असतात. आपल्याकडे दुकानात मॅटी मागितली की मिळतं ते जोडदोऱ्यांनी चटईसारखं विणलेलं कापड. त्याहून आखीव म्हणजे आयडा: थोडा कडक, प्रत्येक कोपऱ्यावर स्पष्ट भोक. शिकायला इंचाला ११ किंवा १४ चौकोनांचा आयडा चांगला. मॅटीच घ्यायची असेल तर फुटपट्टी लावून उभे आणि आडवे, दोन्हीकडचे चौकोन मोजावेत. ते सारखे नसले तर गोल फूल लांबोडकं होतं.

मग भागाकार. नमुना ८४ चौकोन रुंद आणि ५६ उंच असेल, तर १४ च्या कापडावर तो ६ बाय ४ इंच होतो. चारी बाजूंनी ३-३ इंच सोडायचे, म्हणजे तुकडा १२ बाय १० इंचांचा. माझ्या पहिल्या मोराच्या वेळी मी हे केलं नव्हतं. पायापासून भरत गेले आणि तुऱ्यापाशी कापड संपलं. तीन आठवड्यांचं काम होतं. फार वाईट वाटलं. तेव्हापासून कापडाला उभी-आडवी घडी घालते, दोन्ही घड्या मिळतात तो मध्य आणि नमुन्याचा मध्य जुळवते, आणि पहिली फुली तिथंच घालते.

लडीतला दोरा सहा पदरी असतो. १४ च्या कापडाला दोन पदर, ११ च्या कापडाला तीन. हातभर, साधारण १८ इंच दोरा कापून पदर एकेक करून ओढून काढायचे आणि मग पुन्हा एकत्र करायचे. सगळे एकदम ओढले की गुंता ठरलेला. त्याहून लांब दोरा घेण्याचा मोह टाळावा. कापडातून पुन्हापुन्हा गेल्यानं तो पिसारतो आणि त्याची चमक जाते. सुई बोथट टोकाची हवी, १४ ला २४ नंबरची. टोकदार सुई भोक सोडून दोऱ्यातच घुसते आणि वीण फाडते.

आता गाठ. गाठ मारायची नाही. मागे इंचभर टोक सोडून ते बोटानं धरायचं आणि पहिल्या पाच-सहा फुल्यांखाली दाबून घ्यायचं. संपवतानाही मागच्या टाक्यांखालून दोरा सरकवून कापायचा. गाठीचा उंचवटा चौकट केल्यावर पुढून दिसतो, आणि सैल गाठ एखाद्या धुण्यात भोकातून पुढे येते. एका पाकळीकडून दूरच्या पाकळीकडे दोरा नेऊ नये. गडद दोऱ्याची सावली पांढऱ्या कापडातून दिसते.

एका रंगाची ओळ असेल तर आधी सगळे तिरके टाके एका दिशेनं घालत जावं आणि परत येताना त्यांवर फुल्या पुऱ्या कराव्यात. असं केलं की मागे नीट उभ्या रेघा दिसतात. एकेकटी फुली असेल तिथं ती जागीच पुरी करावी. पद्धत कोणतीही असो, वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला कललेला हवा. सुती दोऱ्यावर उजेड तिरका पडतो. एखादी फुली उलटी पडली तर रंग तोच असूनही तेवढा ठिपका वेगळा दिसतो. हा दोष लांबून जास्त जाणवतो, म्हणून अधूनमधून काम समोर टांगून चार पावलं मागं जाऊन बघावं.

अर्धी फुली आकाश-पाण्याला, पाऊण फुली गोलाईला, उलटी टीप कडेच्या रेघेला. हे तीन टाके फुली हातात बसल्यावर एका दुपारी येतात.

हा टाका आपल्या अंगावरही कधीपासून आहे. धारवाडकडची कसुती इरकल लुगड्यांवर असते. तिच्यातल्या चार टाक्यांपैकी मेंथी म्हणजे फुलीच. गवंती, मुरगी, नेगी हे बाकीचे तीन. तिथं आयडाचे चौकोन नसतात, लुगड्याचे दोरेच मोजून गोपुर, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती उभा करतात. गवंती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. कापडाची पाठ आणि पोट एकच! कसुतीचं जुनं लुगडं हाती आलं, तर ते उलटून बघाच.

दूर पॅलेस्टाइनमध्ये बायका गावोगावच्या नक्ष्या फुलीनं अंगरख्यांवर भरतात. त्या तत्रीझ कलेला युनेस्कोनं २०२१ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. इंग्लंडमध्ये जेन बोस्टॉक हिनं भरलेला, १५९८ साल घातलेला नमुनापट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. नमुनापट म्हणजे टाक्यांची वहीच. आपणही एक करावा: हातभर आयडावर आद्याक्षर, एक तुळस, एक पणती, चुकलेल्या ओळीसकट.

काम संपलं की थंड पाण्यात सौम्य साबणानं धुवावं. लाल रंग सुटतो, म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळावं आणि पिळू नये. टॉवेलात गुंडाळून दाबावं. मग जाड टॉवेलावर पालथं घालून, किंचित ओलं असतानाच, मागच्या बाजूनं इस्त्री फिरवावी. फुल्या चपट्या होत नाहीत.