नौकेचे इंजिन: त्याची ओळख आणि त्याची दिशा

इंजिनासह जुनी नौका विकत घेणारा मनुष्य सासून डॉकचा असो की रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा, सुटे भाग मागवताना, गिअरबॉक्स बदलताना अथवा नवा पंखा बसवताना त्याला आपल्या इंजिनाची खात्रीची ओळख सांगावीच लागते. आणि नेमक्या त्याच वेळी ऐकीव माहितीवर भिस्त ठेवल्यामुळे पुष्कळांचा पैसा आणि हंगामाचे मोलाचे दिवस वाया जातात.

इंजिनाचा रंग पाहून त्याची कंपनी आणि जात ठरवावी, हा त्यांपैकी सर्वांत ढोबळ समज. रंग कोणालाही पुन्हा देता येतो, झाकणावरची पट्टी एका इंजिनावरून दुसऱ्यावर जाऊ शकते; यास्तव ही दोन्ही साक्षी दुय्यम मानाव्यात. याहून सूक्ष्म समज ब्लॉकवर ओतकामातच उठून आलेल्या क्रमांकाविषयीचा आहे. हा क्रमांक ज्या साच्यातून ब्लॉक ओतला त्याचा असतो, आणि एकाच साच्याचे ब्लॉक मालमोटारीला, जनित्राला व नौकेलाही लागू शकतात. विवक्षित इंजिनाची ओळख पटते ती नंतर ठोकलेल्या अनुक्रमांकावरून, आणि नौकेच्या नोंदणीच्या दस्तऐवजाशी ताडून पाहायचा तोही तोच. आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळ इंजिने मूळची मालमोटारीच्या घराण्यातील आहेत. त्यांना सागरी करते ती खाऱ्या पाण्याने गोडे पाणी थंड करणारी यंत्रणा, पाण्याचे वेष्टन असलेला एक्झॉस्ट आणि सागरी गिअरबॉक्स. म्हणून केवळ ब्लॉकच्या क्रमांकावर मागवलेला भाग कधी तंतोतंत बसतो, तर कधी निव्वळ मालमोटारीचा निघतो. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते, कारण नौकेच्या बंदिस्त तळाशी पेट्रोलची वाफ साचते आणि तेथे स्टार्टर व आल्टरनेटर ठिणगी बाहेर न पडू देणारेच असावे लागतात.

खरा घोटाळा आहे तो दिशेचा. ‘इंजिन उजवे आहे’ असे कोणी सांगितले की ऐकणारा समाधान पावतो, परंतु कोणत्या बाजूस उभे राहून पाहिले हे कळल्यावाचून त्या वाक्याला काहीच अर्थ नाही, कारण समोरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारे चाक मागून पाहणाऱ्यास उलटेच फिरताना दिसते. पंखा नेहमी पिछाडीस उभे राहून, नाळेकडे तोंड करून पाहावा, असा संकेत आहे. इंजिन मात्र बहुतेक उत्पादक फ्लायव्हीलच्या बाजूने पाहतात आणि त्या बाजूने वामावर्त, म्हणजे काट्यांच्या उलट, फिरणाऱ्यास सर्वसाधारण समजतात. फ्लायव्हील पिछाडीकडे असेल तर दोन्ही दृष्टी एकच होतात. पण काही जुन्या इंजिनांत फ्लायव्हील नाळेकडे असे, आणि काही नौकांत अख्खे इंजिनच उलट्या तोंडाने बसवलेले असते, तेव्हा तेच वामावर्त इंजिन पिछाडीच्या प्रेक्षकास दक्षिणावर्त भासते. काही उत्पादक तर पुढच्या टोकाकडूनच मोजतात. सबब दिशा लिहून ठेवताना तिच्यापुढे ‘अमुक बाजूने पाहता’ एवढा शेरा मारलाच पाहिजे.

इंजिन ज्या अंगाने फिरते त्याच अंगाने पंखा फिरतो, हा समजही असाच टिकून आहे. मध्ये गिअरबॉक्स बसलेला असतो, आणि कित्येक गिअरबॉक्स पुढच्या गतीत शाफ्टची दिशा पालटून देतात. दोन इंजिनांच्या नौकेत दोन्ही पंखे परस्परविरुद्ध फिरावेत म्हणून पूर्वी एक इंजिनच उलट दिशेचे बनवीत. हल्ली इंजिने एकसारखी ठेवून हे काम बहुधा गिअरबॉक्सकडून करून घेतात. उलट दिशेचे इंजिन म्हणजे केवळ स्टार्टर बदललेले इंजिन नव्हे. त्याचा कॅमशाफ्ट निराळा असतो आणि प्रज्वलनाचा क्रमही उलटतो: सहा सिलिंडरांचा १-५-३-६-२-४ हा प्रचलित क्रम १-४-२-६-३-५ असा होतो.

बॅटरीच्या तारा उलट जोडल्या की इंजिन उलट फिरते, असे काही जण छातीठोकपणे सांगतात. जुन्या पद्धतीच्या, गुंडाळ्यांच्या चुंबकावर चालणाऱ्या स्टार्टरमध्ये क्षेत्र आणि आर्मेचर या दोहोंचा प्रवाह एकदमच पालटतो, त्यामुळे फिरण्याची दिशा पूर्वीचीच राहते. आल्टरनेटरचे डायोड मात्र क्षणात जळतात. कायम चुंबकाचा स्टार्टर खरोखर उलटा फिरतो, पण तेवढ्याने चालू इंजिनाची दिशा बदलत नाही.

तेव्हा खातरजमा करावी कशी? गिअर मोकळा ठेवून, डिझेल असल्यास बंद करण्याचा दांडा ओढून धरून, पुढच्या पुलीवर खडूची खूण करावी आणि स्टार्टर निमिषमात्र दाबावा. परंतु स्टार्टरच पूर्वी कोणी चुकीचा बसवला असेल तर ही परीक्षाही फसवते, आणि अशा वेळी इंजिनाच्या पोटातील साक्ष घ्यावी लागते. झाकण काढून एका सिलिंडरच्या दोन झडपांवर नजर ठेवावी व इंजिन हाताने सावकाश फिरवावे. चार आघातांच्या कोणत्याही इंजिनात, दिशा बरोबर असेल तर एक्झॉस्टची झडप मिटत आली की लागलीच हवेची झडप उघडू लागते, आणि हवेची मिटल्यावर एक्झॉस्टची उघडेपर्यंत दीर्घ विराम असतो. हवेची झडप मिटताच एक्झॉस्टची उघडू लागली, तर आपण उलटे फिरवत आहोत हे निश्चित समजावे. ही साक्ष कॅमशाफ्ट देतो, आणि रंग, पट्टी किंवा स्टार्टर बदलल्याने ती खोटी पडत नाही.

हाताने इंजिन फिरवून पुढच्या गतीत शाफ्टची दिशा पाहण्याचा खटाटोप मात्र तेलाच्या दाबावर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये व्यर्थ जातो, कारण इंजिन चालून दाब निर्माण झाल्याखेरीज त्याचा क्लच धरतच नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका वर ओढलेली असते, तेव्हा पंख्यालाच विचारावे: पिछाडीस उभे राहून सर्वांत वरच्या पात्याकडे पाहता त्याची उजवी कड नाळेच्या बाजूस गेलेली असेल तर पंखा उजवा, म्हणजे पुढच्या गतीत दक्षिणावर्त फिरणारा, डावी कड गेलेली असेल तर डावा.